डावीकडून काढलेले फोटो

सोमवार, ८ तारीख
दुपार, सॅडलच्या खोलीतून

प्रिय आत्या,

कशी आहेस? खुबा कसा आहे? जिने उतरू नकोस, लिफ्ट नसताना खाली जायचा हट्ट तर मुळीच करू नकोस. इकडे सगळे ठीक. पप्पांचा आवाज तसाच आहे, गेटपासून ऐकू येतो. घोडेस्वारीच्या सकाळच्या बॅचला अकरा मुलं आहेत.

साहेबही ठीक आहे, असं मी दर पत्रात लिहिते. आज तसं लिहायला घेतलं, पण पेन चाललं नाही.

मागच्या आठवड्यात नालबंद आला होता. त्याने साहेबाचा मागचा पाय मांडीवर घेतला आणि तसाच थांबला.

"ही वेणी कोण घालतं ग?"

"मी."

"आणि वर ही पट्टी?"

"मीच. छान दिसते म्हणून."

"सोड."

सोडली. पट्टी खाली चिकटली होती. शेपटीखालची एक गाठ फुटली होती, शाईसारखं काळं येत होतं. बाकीच्या द्राक्षाच्या घडासारख्या. नालबंद म्हणाला, "चोवीस वर्षांच्या म्हाताऱ्याची वेणी घालतात होय?" हसला नाही. मीही नाही.

डॉक्टरीणबाई आल्या, हात लावून बघितलं. ट्यूमर आहेत. पांढऱ्या घोड्यांना म्हातारपणी होतातच, म्हणाल्या. उजव्या जबड्याखाली पण एक आहे, लिंबाएवढा.

"शेपटीखालचे काढता येतील. जबड्याखालचा नाही, तिथून शिरा जातात. जखम भरायला दोन महिने, रोज धुवायचं, माशा सांभाळायच्या. या वयात गुंगीचं इंजेक्शनही जोखमीचंच."

"आणि नाही काढले तर?"

"चार महिने, नाहीतर दोन वर्षं. मग एक दिवस लीद अडकेल. तेव्हा मला बोलवाल ते वेगळ्या कामासाठी."

"तुम्ही काय केलं असतं?"

"मी त्याला रोज चारा घालत नाही. जो घालतो त्याला विचारा."

चारा मी घालते.

आत्या, हे मला नवीन नव्हतं. तू पडलीस त्याच आठवड्यात साहेबाच्या शेपटीखाली माझ्या हाताला दोन दाणे लागले होते, वाटाण्याएवढे. मी लगेच इंटरनेटवर सगळं वाचून काढलं, वहीत तारीख टाकून मापं लिहिली, तुला माहितीये मी कशी आहे. बहुतेक वेळा त्रास होत नाही असं लिहिलं होतं. ते वाचून हुश्श केलं आणि उरलेलं वाचलं नाही. तेव्हा बोलले असते तर दहा मिनिटांचं काम होतं. हे डॉक्टरीणबाईंनी मी न विचारता सांगितलं.

गाडीत बसताना तू म्हणाली होतीस, "साहेबाला काही झालं तर मला आधी सांग." तुला सांगितलं की पप्पांना कळणार होतं, आणि पप्पांचं ठरलेलं वाक्य आहे, काम न करणाऱ्या जनावरासाठी ही धर्मशाळा नाही. म्हणून पट्टी. म्हणून वेणी. म्हणून तुला येतात ते सगळे फोटो डावीकडून. तू लिहिलंस, "वेणी काय सुरेख घालतेस ग." ते वाचून मी आणखी घट्ट घालायला लागले. घाम आत राहिला, कातडी गेली.

रडायला येईल असं वाटलं होतं. नाही आलं. मी खरारा करते, पाणी भरते, क्लास घेते. कोणीतरी दुसरंच करतंय असं वाटतं.

सगळं कापून टाका, असं मी आधी म्हणाले होते. मग साहेबाकडे बघत बसले. पट्टी निघाल्यापासून तो खांबाला ढुंगण घासतो, शेपूट शिंगरासारखं वर करून चालतो. खातो नीट. तेव्हा लक्षात आलं, मला जे कापायचं होतं ते त्याला दुखतंय म्हणून नाही, मला दिसू नये म्हणून.

तुला फोन केला नाही. तू "असू दे ग" म्हणाली असतीस आणि मी सुटले असते.

येत्या गुरुवारी एकच गाठ काढायची, फुटलेली, तीच दुखते. बाकीच्या राहतील. रोज बघीन, रोज लिहीन, काही कमी करून न सांगता. लीद अडकली की डॉक्टरीणबाईंना मीच बोलावीन, आणि दावं मी धरीन. पप्पांनाही सांगितलं. त्यांनी जाऊन क्लासच्या फळ्यावरचं साहेबाचं नाव पुसलं. मग मागच्या तबेल्यात त्याच्यासाठी स्वतः गवत पसरलं, मला दिसणार नाही अशा बेताने.

सोबत एक फोटो आहे. उजवीकडून काढलाय. आधी बसून घे, मग बघ.

वेणी घालत नाही आता.

तुझी,
टिल्ली