कटूरेचा हिस्सा

मी, सुलभा डॅनियल चेऊलकर, वय एकोणसत्तर, मूळची अलिबागची, सध्या राहणार क्युपर्टिनो, कॅलिफोर्निया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची सही लागत नाही. काल शब्बाथ होता, आमच्यात त्या दिवशी लिहीत नाहीत, म्हणून पेन धरले नाही.

काल सिनेगॉगमध्ये वाचलेल्या पाठाचे नाव 'सारेचे आयुष्य'. त्याच्या शेवटी, पहिली पत्नी सारा वारल्यावर, अब्राहाम पुन्हा लग्न करतो. त्या बायकोचे नाव कटूरा. तिला सहा मुलगे झाले. अब्राहामाने सर्वस्व सारेच्या इसहाकाला दिले, बाकीच्यांच्या हातावर भेटी ठेवल्या आणि त्यांना पूर्वेकडे लावून दिले. त्यावर कटूरा काय म्हणाली, ते कोणी लिहून ठेवले नाही. माझे यजमान कै. डॅनियल मला थट्टेने 'माझी कटूरा' म्हणत. मीही हसत असे.

१. एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने आपण ज्या पितळी ताटात मलिदा, म्हणजे गोड पोहे, खोबरे आणि फळे मांडतो, ते ताट निस्सीमला द्यावे. निस्सीम हा यजमानांच्या पहिल्या पत्नीचा मुलगा. ताटामागे 'सौ. फ्लोरा' असे नाव घातलेले आहे. छत्तीस वर्षे ते मीच घासले, पण नाव झिजू दिले नाही.

२. दिवाणखान्यातला फ्लोराबाईंचा फोटो आहे तिथेच राहू द्यावा. माझे त्यांच्याशी कधीच भांडण नव्हते.

३. भांडण यजमानांशी होते, आणि ते मी केले नाही. माझा मुलगा सत्यजित पंधरा वर्षांचा असताना दोघा भावांचे पटेना. यजमान म्हणाले, "सत्याला न्यू जर्सीला पाठवू, माझ्या भावाकडे. तिथल्या स्कूल्स चांगल्या आहेत. इथे निस्सीमला वाटायला नको." नवे घड्याळ भेट देऊन त्याला पूर्वेला पाठवले. विमानतळावर त्याने मला विचारले, "मम्मा, डिड आय डू समथिंग?" मी म्हणाले, "वेळेवर जेवत जा." याची लाज मला अजून वाटते.

४. यजमानांनी घराचा आपला अर्धा भाग निस्सीमला दिला, आणि सत्यजितला पुन्हा एक घड्याळ. माझा अर्धा भाग मी संपूर्णपणे सत्यजितला देत आहे. ही भेट नव्हे, हिस्सा आहे. त्याला सांगताना हाच शब्द वापरावा. निस्सीमला वाटेल. वाटू दे.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी निस्सीमनेच करावी. वकीलबाई म्हणाल्या, "काकू, रिस्क आहे हं." मला तसे वाटत नाही. तोही मला चार वर्षांचा असल्यापासून काकूच म्हणतो. गेल्या वर्षी हॉस्पिटलमध्ये नर्सने त्याला दारात अडवले, तेव्हा "शी इज माय मॉम" म्हणून आत आला, आणि माझा हात धरून म्हणाला, "काकू, टेन्शन घेऊ नका, मी सगळं हँडल करतो."

कोर्टाच्या फॉर्मवर मयताशी नाते विचारतील. त्या रकान्यात त्याने नर्सला सांगितले तेच लिहावे. मला तसे म्हणायचे त्याचे राहून गेले तरी चालेल.

सही: सुलभा डॅनियल चेऊलकर

आमच्या समक्ष सही केली:
वसुधा केतकर, शेजारीण
मोहन अंतुरकर, शेजारी

क्युपर्टिनो, रविवार, १६ नोव्हेंबर २०२५