स्टेशनवरून परतलेली नायिका

आई, गेल्या रविवारी आपल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये भर सभेत मी तुझ्यामुळे तोंडघशी पडले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुझ्याशी भांडायला निमित्त आत्ता मिळालं. तुला आवडायची ती कादंबरी, गाणाऱ्या बाईची, तिचं आता संगीत नाटक झालं आहे. नागपूरची मंडळी ते घेऊन आपल्या जबलपूरला आली होती. हॉल भरलेला होता. फॅक्टरीतली, रेल्वेतली जुनी घरं होती, बँकेत आणि कॉलेजात नव्याने बदलून आलेली तरुण जोडपीही होती. मंडळाची रीत तुला माहीत आहे, नाटक झालं की पुढच्या रविवारी पोहे आणि चर्चा, आणि चर्चा म्हणजे भांडण. या वेळी सरळ दोन पक्ष पडले, कादंबरीवाले आणि नाटकवाले. नाटकवाले म्हणत होते की गाण्यांनी त्या रडक्या गोष्टीत जीव आणला. कादंबरीवाले म्हणत होते की नवऱ्याला विनोदी पद कशाला दिलं, तो पुस्तकात हसणारा माणूस नाहीच, आणि तंबोरा जुळवण्याचं ते सुंदर वर्णन पेटीच्या दोन सुरांत उरकून टाकलं. कादंबरीवाल्यांची पुढारी अर्थात मी.

उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा स्वभाव तुझ्याच तोंडून मी हजारदा ऐकला आहे. मी उभी राहिले आणि म्हणाले, बाकीचं सोडा, यांनी कादंबरीचा जीवच कापला. नाटकात ती बाई घर सोडून गाडीत बसते, भैरवी गाते आणि पडदा पडतो. कादंबरीत ती परत येते. गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवलेला असताना तिच्या मनात येतं की उद्या सकाळी पोरीची वेणी कोण घालेल, आणि ती तंबोरा काखेत मारून तशीच घरी चालत येते. एवढा प्रसंग यांना दाखवता आला नाही? मी हे इतक्या तावातावाने सांगितलं की पुढच्या रांगेतल्या दोघी डोळे पुसू लागल्या. मग मागून बँकेतली एक मुलगी उठली. नवीच आली आहे, पुण्याकडची, वागायला अगदी नम्र. ती म्हणाली, "काकू, तो प्रसंग पुस्तकात नाहीये हो. पुस्तकातही ती जातेच." मी म्हणाले, "नाही कसा? मी स्वतः ऐकला आहे." सगळा हॉल हसला. कादंबरी ऐकली म्हणणारी मी एकटीच निघाले.

पण खरंच मी ती ऐकलीच आहे, आई. वाचली कधी नाही. शाळा हिंदी, पुस्तकं हिंदी, मराठी माझ्या कानातून आत गेली, आणि तीही तुझ्या आवाजात. उन्हाळ्यात क्वार्टरच्या व्हरांड्यात सगळ्या बाया पापड लाटायला जमायच्या आणि जी वाचून दाखवेल तिला लाटण्यातून सुट्टी, असा त्यांचा नियम होता. वाचणारी दरवर्षी तूच. कोणी हेव्याने काही म्हणालं तर बाकीच्या म्हणायच्या, हिचा गळा आहे, हिला वाचू दे. मंडळाच्या लायब्ररीतलं खाकी कागदाचं कव्हर घातलेलं पुस्तक मांडीवर घेऊन तू बसतेस. अवघड शब्द आला की आम्हा पोरांसाठी मध्येच हिंदीत सांगतेस. पदाच्या ओळी आल्या की वाचत नाहीस, गातेस, आणि लाटणी थांबतात. त्या बाईचं स्टेशन, तिची शिट्टी देणारी गाडी, तिचं परत येणं, हे सगळं मला आपल्या अंगणाइतकं ओळखीचं आहे.

त्या मुलीने दुसऱ्याच दिवशी पुस्तक घरी आणून दिलं. जिंकल्याचा तोरा नव्हता तिला, उलट तीच ओशाळलेली होती. मी चष्मा लावून, बोट ठेवून ठेवून शेवटचं प्रकरण वाचलं. बाई गाडीत बसते. मागे वळूनसुद्धा पाहत नाही. वेणीचं नाव नाही. मग माझं कशात लक्ष लागेना. अस्तराचं कापड आणायला म्हणून बड्या फुहाऱ्याच्या बाजारात गेले आणि दुकानाच्या पायरीवरून परत आले. भाजी निवडायला घेतली आणि टाकून उठले. जावई म्हणाला, मम्मीजी, एका नाटकासाठी इतकं काय. त्याला काय सांगू? शेवटी ऑटो केली आणि कमानिया गेटच्या मागे राहणाऱ्या मावशींकडे गेले. आपल्या क्वार्टरच्या शेजारच्या त्या मावशी. त्या व्हरांड्यातल्या आता एवढ्या एकच उरल्या आहेत.

मावशींना ऐकू कमी येतं, पण आठवण लख्ख आहे. मी कानाशी वाकून त्या शेवटाचं विचारलं. म्हणाल्या, पुस्तकात ते नव्हतंच, त्यांनी ते आधीच वाचलेलं होतं, आणि पुढे बाकीच्यांनाही कळलं, पण तुझ्यासमोर, आई, कोणी विषय काढला नाही. मग म्हणाल्या, "तू कंगवा घेऊन दाराशी उभी होतीस. तुझी आई त्या पानावर आली अन् थांबली. पुस्तक पाहूनच नव्हती राहिली ती, तुझ्याकडे पाहून राहिली होती. मग तिनं आपल्याच मनानं सांगितलं." मी विचारलं, "काहून पण?" तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं ते तू मला जन्मभर सांगितलं नाहीस. नागपूरच्या एका शाळेतून तुला गाणं शिकवायला बोलावणं आलं होतं. बाबा म्हणाले होते, जायचं तर एकटी जा, पोरगी इथेच राहील. तुझी ट्रंक भरून पलंगाखाली ठेवलेली होती. त्या दुपारनंतर, मावशी म्हणाल्या, तू ती रिकामी केलीस.

मी त्या दुपारला सारखी जाऊन येते आहे. तू हाक मारतेस, "काहून उभी आहेस? ये, बस." मी तुझ्यासमोर पाठ करून बसते. तू केस ओढून घट्ट वेणी घालतेस, मी कुरकुरते, तू डोक्यावर टपली मारतेस. इतकंच आठवतं. तू तेव्हा गुणगुणत होतीस का, हे मला आठवत नाही, आणि त्याचा मला राग येतो आहे. बाबांचा येतो, तो वेगळाच. तुझाही येतो. एकदा तरी बोलायचंस. पुढे मी मोठी झाले, संसाराला लागले, तू स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना गुणगुणायचीस आणि मी म्हणायचे, आई, जरा हळू, पोराचा अभ्यास चालू आहे. तू हळू गायचीस.

काल मंडळाच्या ग्रुपवर मी माफी मागितली. लिहिलं की चूक माझी, पुस्तकात आणि नाटकात शेवट एकच आहे, आणि तोच बरोबर आहे. बाईच्या अंगात गुण असेल तर तिने जायलाच हवं, कोणाच्या वेणीसाठी थांबू नये. खूप अंगठे आले. पुण्याच्या त्या मुलीने तर लिहिलं की काकू, तुम्ही किती मोठ्या मनाच्या आहात. ते वाचून मी फोन पालथा ठेवला आणि गच्चीत येरझाऱ्या घालत राहिले. आता हे लिहिते आहे. कोणाला दाखवणार नाही, आणि तुला पाठवायला पत्ता नाही हे एका परीने बरंच आहे. कारण ग्रुपवर लिहिलं ते सगळं खरं आहे हे मला कळतं, आई, पण माझ्या मनातलं ते नाही. तू गेली नाहीस, याचा मला आनंद होतो. हे सगळं कळल्यावरसुद्धा होतो.