नकाशातलं जांभळं शेत

१९ मे १९९८, मंगळवार, मुरबाड

मामंजींना घेऊन कचेरीत शहरवाढीचा नकाशा बघून आले. आमचं भाताचं शेत त्यात जांभळं रंगवलंय. जांभळा म्हणजे कारखाने. का, म्हणून विचारलं तर साहेबांनी पाहणीतली नोंद वाचून दाखवली: जमीन पडीक, करपलेली.

पडीक? पाहणीवाले मागच्या वैशाखात आले असणार. तेव्हा आमच्याकडे राब भाजलेला असतो. शेण, पालापाचोळा पसरून जाळायचं, मग त्याच काळ्या जमिनीत भाताची रोपं करायची. त्यांनी काळं तेवढं बघितलं आणि गेले. साहेब तसे चांगले, चहासुद्धा मागवला. म्हणाले, "बाई, मला पटतंय, पण हरकतींची मुदत संपली." आता चिडायचं तरी कोणावर?

तो जांभळा रंग डोळ्यांपुढून हलत नाही. आणि मी शाळेत भूगोल शिकवते. पोरांना सांगते, नकाशातले रंग बघा, सगळं कळतं.

मामंजी घरी आल्यावर म्हणाले, "त्यांना श्रावणात बोलाव गो. हिरवं बघितलं का पुसतील तो रंग, नाय का?"

मी हो म्हटलं. आराखडा पुढच्या वीस वर्षांचा आहे, हे सांगायला जीभ रेटेना.