लाँच चालू ठेवली

११ जानेवारी
खात्याच्या साहेबांनी सांगून टाकलं — नदीवरच्या आमच्या लाँचला सरकार आणखी पोसणार नाही. एका फेरीला जेमतेम नऊ माणसं. एकतर जिल्हा परिषदेचं अनुदान मिळवा, नाहीतर खाजगी कंपनीला देऊन टाकू. कंपनी नवी लाँच आणणार, पण फेऱ्या दोनच, सकाळी आणि संध्याकाळी.
दादा भडकला. सुकाणू त्याच्याकडे, इंजिन माझ्याकडे. सव्वीस वर्षं झाली. म्हणाला, "पलीकडच्यांना हाच रस्ता आहे, साहेब. रस्त्याचा कधी नफा-तोटा काढतात का?"

१२ जानेवारी
मला कंपनीचं पटतंय. घरात बोलायची सोय नाही.

२ फेब्रुवारी
दादाने सह्यांसाठी दोन्ही काठ पालथे घातले. पलीकडच्या नर्सबाई म्हणाल्या, दुपारी कुणाचं दुखलं तर दवाखान्यात न्यायला संध्याकाळपर्यंत थांबायचं का? हे मात्र मलाही खरं वाटलं.

१९ फेब्रुवारी
अनुदानाची सुनावणी. साहेबांनी मलाच विचारलं — इंजिन अजून दोन वर्षं काढेल?
डिझेलचा पंप मी वर्षभर तारेने आवळून चालवतोय. नव्यासाठी तीनदा लिहिलं, उत्तर नाही. सांगायला तोंड उघडलं, तर समोर दादा. नुसता बघत होता.
"काढेल," म्हणालो. तसं लिहून दिलं, सही केली.

५ मार्च
अनुदान मंजूर! डिझेल आणि पगार. दुरुस्तीला छदाम नाही. लोकांनी दादाला खांद्यावर घेतलं, वहिनी रडली. मी खाली इंजिनापाशीच बसून राहिलो.

२३ एप्रिल
लिहवत नाही.
दुपारी पलीकडून शिलाईवाल्या काकूंना घेऊन निघालो. छातीत कळा, सोबत नर्सबाई. बरोबर मध्यावर पंप बसला. चाळीस मिनिटं प्रवाहाबरोबर वाहत होतो. मी खाली पंपाशी झटत होतो, हात सोलून निघाले. नर्सबाई वरून विचारायच्या, झालं का? थोड्या वेळाने परत, झालं का?
मग त्यांनी विचारणं थांबवलं.

२६ एप्रिल
लाँच बांधून ठेवली. कंपनीनेही अंग काढून घेतलं. आता पलीकडची माणसं पलीकडेच.

३० एप्रिल
चौकशी. आधी दादाला आत बोलावलं. बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "पंपाचं तू मला सांगितलं होतंस, तरी मीच तुला सही करायला लावली — असं सांगून आलोय. तू फक्त हो म्हण."
मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं.
आत गेलो. हो म्हणालो.