दोन बोटं पेट्रोल

यमुनेचे बाबा,

भाकरी टोपल्यात झाकून ठेवल्या, कढी शिंक्यात हाये.

रऊफ डायवर पेट्रोल चोरीन म्हणून मोटरच्या टाकीत बांबूची कमची बुडवून मोजाले तुमीच मले शिकवलं. माही माय आजारी पडली तवा तुमी म्हणे, "लढाईचे दिवस हायेत, पेट्रोल कुपनावर भेटते. तुह्या माहेरच्या वाटेवरचे मालेगावचे चढ लय पेट्रोल पेतात, टाकी रिकामी होईन." मी खरं मानलं. छकड्यानं गेली. पोचली तवा लोकं मायले जाळून वापस आले होते.

काल तुमी आगगाडीनं अकोल्याले गेले, अन् मी रऊफले मोटर काढाले लावली. मायची तेरवी करून आली. त्याच्यावर रागवू नोका. जाच्या आधी कमची बुडवली, आल्यावर पुन्हा बुडवली. सारे चढ चढूनही पेट्रोल दोन बोटंच उतरलं.

माय खाटेवर होती त्याच हप्त्यात तुमी गोऱ्या सायबाले मोटरनं शिकारीले नेलं होतं. दुसऱ्या दिवशी कमची कोरडी निंघाली.

कमची खुटीले टांगली हाये. दोन्ही खुणा चुन्यानं केल्या, पाहून घेजा.

यमुनेले घेऊन मी भावाकडं चालली, छकड्यानंच. आमाले न्याले मोटर आणू नोका. पेट्रोल जाईन.

यमुनेची माय