आभाळातले पाहुणे, तुमच्या आवाजाविना

अहो,

तुम्हाला नावानं हाक मारली नाही कधी, आता कागदावर तरी कशी मारू? आज लिहायला बसले, कारण काल येरमाळ्याच्या यात्रेत आपला सिनेमाचा तंबू लागला आणि तुमचा तो आभाळातल्या पाहुण्यांचा इंग्रजी सिनेमा मी तुमच्याशिवाय पाहिला.

जायचं नव्हतं. शेजारच्या गंगाबाईंनी ओढून नेलं. तुम्ही गेल्यापासून मी जेवते, पाणी भरते, कुणी बोललं तर हं म्हणते. बायका म्हणतात, एकदा रडून घे. येतच नाही रडू, त्याला मी काय करू?

खरं सांगू? रागावू नका. सिनेमा अगदी फडतूस आहे हो! ती उडती तबकडी म्हणजे भांडीवाल्याकडली जर्मनची परात, आणि तिचा दोरा बायकांच्या बाजूच्या कापडी कनातीतूनसुद्धा दिसतो. पाहुण्यांच्या डोक्यावर पातेली. तेच मूठभर शिपाई त्याच भिंतीपुढून इकडून तिकडं पळतात. तोफा दुसऱ्याच कुठल्या सिनेमातून आणलेल्या. तोफांवर धो धो पाऊस, शिपाई कोरडे ठाक!

इतकी वर्षं हे मला दिसलं कसं नाही? तुम्ही दिसूच दिलं नाही. पडद्याशेजारी पत्र्याचा भोंगा घेऊन उभे राहायचात आणि परात खाली उतरली की ओरडायचात, "या पाव्हणं! कुण्या गावचं म्हणायचं? पानी प्यायला आलाव व्हय?" इंग्रजीचं एक अक्षर तुम्हाला कळत नव्हतं. त्यांच्या विहिरी आटल्या म्हणून ते आपल्या विहिरींवर आलेत, हे सगळं तुमच्याच मनचं.

काल भोंगा नव्हता. पडद्यावरची माणसं कायबाय बोलत होती आणि लोक बिड्या ओढत बसले होते.

मग म्हातारा डॉक्टर पडतो ती जागा आली. पाहुण्यांच्या हातातल्या उजेडानं भाजून पडतो तो. पहिल्या वर्षी तिथं बायका घाबरल्या, म्हणून तुम्ही म्हणालात, "भिऊ नगा, बेसुद झालाय नुसता!" तेव्हापासून दर यात्रेला तो बेशुद्धच. पुढं तो परत दिसत नाही, तर तुम्ही त्याला कळंबच्या दवाखान्यात टाकलंत. काल सगळा तंबूच तुमच्याऐवजी ओरडला, "बेसुद झालाय!" आणि हसला.

पण तिथं त्याची बायको आहे हो. तुमच्या बोलण्यात ती मला कधी दिसलीच नव्हती. त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडते. नाक गळतंय, केस तोंडावर आलेत, पुसायचंही भान नाही. अख्ख्या सिनेमात तेवढी एकच गोष्ट खरी आहे.

गंगाबाई म्हणाल्या, "ही का रडतीया? त्यो तर उठनार हाय न्हवं?"

"न्हाय," मी म्हणाले. "मेलाय त्यो."

"अगं बया! कवा?"

"पैल्या सालापासनंच."

'मेला' हा शब्द तुम्ही गेल्यापासून माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाला. तुमच्याबद्दल मी अजून नुसतं 'गेले' म्हणते, जसे काही बसनं गेलात. वाटलं, आता तरी रडू येईल. नाही आलं. एवढ्या लोकांसाठी भोंग्यातून घसा फोडलात आणि जाताना मला एक शब्द नाही? असं करतात का?

सिनेमा सुटल्यावर तंबूचे मालक आले. "वैनी, तुमाला समदं पाठ हाय. उद्या कनातीमागनं बोलता का? न्हायतर रीळ डब्यात घालतो." मी हो म्हणाले. आज संध्याकाळी बोलायचंय.

म्हणून तुम्हाला कबूल करते. पाहुण्यांना तुमच्यासारखंच पाणी पाजीन. शिपायांना तुमच्याच शिव्या देईन. पण डॉक्टर पडला की मी लोकांना सांगणार आहे, तो मेला. मग भोंगा खाली ठेवीन आणि त्या बाईला पोटभर रडू देईन.

तुमचीच,
शेवंता