आभाळातून काढलेल्या फोटोत आपले दोन काठ

माय, तू जाऊन इतके वर्ष झाले की तुले लिहाले बसली त मलेच हासू येते. चौथीपर्यंत शिकलेली मी, अक्षर वाकडं आलं त रागावू नोको. तसं तुले वाचता कुठी येत होतं म्हणा! पण काल असं काही पाह्यलं की तुले सांगितल्याबिगर जेवणच गोड लागेना.

माझी नात आली नागपूरहून, तुझी पणती. उपग्रह आभाळातून रात्री जमिनीचे फोटो काढतात, ते पाहणं हेच तिचं काम. मी भाजीले काटवलं चिरत होती (यंदा जंगलात लय काटवलं निंगाले, माय, तुले आवडत), अन् ती कॉम्प्युटर घेऊन बाजूले बसली. सारं काळंभोर, अन् त्यात सांडलेल्या लाह्यांसारखे ठिपके. चंद्रपूरकडं उजेडच उजेड, अन् आपल्याकडं जंगलाचा अंधार. "आजी, जिथी उजेड जास्त, तिथी सुधारणा जास्त, असा अंदाज लावतो आम्ही," ती म्हणे. मी म्हणली, "अवं, हे त माझी माय करे, काठावर बसून!"

मग तिले सारं सांगितलं. मले पंधराव्या वर्षी वैनगंगेच्या या काठी दिली. तवा दोन्ही काठ चांदा जिल्ह्यातच होते, आता तुझा चंद्रपुरात अन् माझा गडचिरोलीत. निंगताना तू कानात म्हणली, "पोरी, रोज सांजेले वालाच्या मांडवाले नदीकडून कंदील टांगजो. उजेड दिसला म्हणजे तू बरी. नाई दिसला त मी डोंग्यात बसून आलीच समज." अजून डोळे मिटले की ती सांज दिसते. पाणी तांबूस होऊन राह्यलं आहे, बगळे परतून राह्यले आहेत, मी टाचा उंच करून कंदील टांगते, अन् पल्याड तू हायेस की नाई हे मले दिसत नाई, तरी मी पदर सावरून उभी राहते.

अन् ते दोन दिव्यांचं आठवते का? एका पाहुण्यानं आपला कंदील माझ्या कंदिलाच्या बाजूले टांगला. दुसऱ्या दिवशी सकाळीच तू दारात, डोक्यावर चिंचा अन् बोरांचं गठुडं! सासू घाबरली. "काऊन इहीनबाई, एवढ्या सकाळी?" तू लाजत लाजत म्हणली, "दोन दिवे दिसले ना. म्हणलं, घरात दोन जीव झाले." सासू हासून हासून ओट्यावर बसली. "अवं बाई, तो पाहुण्याचा कंदील! त्याले काय डोहाळे लागतात?" तुझं तोंड एवढंसं झालं. तवा तिनंच गठुडं उचलून आत नेलं, म्हणे, "राहू द्या, पुढं कामी येईन." हे ऐकून तुझी पणती इतकी हासली! म्हणे, "आजी, आमचंही असंच होते. उजेड दिसते, पण तो कायचा, ते तिथी जाऊनच समजते."

मग मी म्हणली, आपले गावं दाखव. तिनं फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. म्हणे, "हे तुझं अन् हे तुझ्या मायचं. एवढ्या दुरून वेगळे नाई होत, दोघांचा मिळून एकच ठिपका आहे." मी विचारलं, "अन् मधात नदी?" "नदी नाई दिसत, आजी." माय, मी चिरणं सोडून त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. ज्या नदीच्या काठी बसून मी एवढी रडली, ती आभाळातून दिसतच नाई! तू अन् मी एकाच उजेडात. मले इतका आनंद झाला की भाजीत मीठ दोनदा पडलं. पोरीनं मुकाट्यानं खाल्ली.

हे पत्र कुठी धाडता येत नाई, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. तू होती तवा सांगायची हिंमत झाली नाई. दोन दिवे दिसले त्याच वर्षीच्या श्रावणात नदीले पूर होता, झाडं वाहून चालले होते. मी हिवतापानं फणफणत होती. सासूले म्हणली, "कंदील नोका लावू, माझी माय येईन." तिनं बाहेर पाह्यलं, म्हणे, "येईन म्हणूनच लावते, पोरी." डोक्यावर घोंगडं घेऊन पडत्या पाण्यात गेली, अन् कंदील टांगून आली. मग माझे पाय चेपत बसली. तिकडं तू उजेड पाहून निवांत भात खाल्ला असशीन. त्या सांजेले मी बरी नव्हती, माय. तो कंदील तुझ्या इहिनीनं लावला होता.